हळदीतला बेंजो आणि डेन्मार्कची गिटार

'वुदरिंग हाइट्स' हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते एमिली ब्राँटेच्या कादंबरीवर नाही. एका मित्राने दिलेल्या मेमरी कार्डवर 'डेन्मार्क' नावाचा फोल्डर होता, त्यात वाचलं. साल २००८. मी अकरावीत, खोपोली ते कर्जत रोजचा प्रवास. खोपोली, लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी, कर्जत. एवढ्या वेळात तीन गाणी होतात, कारण या बँडचं एकेक गाणं सात-आठ मिनिटांचं असतं. आधी कुठल्यातरी जत्रेत वाजावी तशी उडती धून, मग डबल बासचा धबडगा, मग मधेच सगळं थांबून एकटी गिटार, आणि पुन्हा पहिली धून, पण वेगळ्या तालात. मला वाटलं होतं की डेन्मार्कच्या खेड्यांत लोक असंच काहीतरी वाजवत असणार.

ते चूक होतं, हे कळायला बरीच वर्षं लागली. एरिक राव्हन नावाच्या गिटारवादकाने १९८९मध्ये हा बँड उभा केला. तेव्हा नाव 'मिनस टिरिथ' होतं, टॉल्किनच्या कादंबरीतल्या शहराचं. पहिला अल्बम 'विदिन' आला १९९९मध्ये, आणि २०१०च्या 'सॉल्ट'पर्यंत एकूण पाच झाले. पण यातलं डॅनिश किती? बँडचं नाव इंग्रजी कादंबरीचं. तिसऱ्या अल्बमचं नाव 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड', म्हणजे टॉमस हार्डी. गाणी इंग्रजीत. अल्बमवरचे गायक, आधी क्रिस्टियन आंद्रेन आणि मग निल्स पॅट्रिक योहान्सन, दोघेही स्वीडनचे. आणि ज्या लोकधुनांवर मी भाळलो होतो त्यांचा वास आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. म्हणजे कोपनहेगनजवळच्या माणसाने लांबच्या बेटांवरचं लोकसंगीत ऐकून, आवडलं म्हणून, आपलंसं केलेलं.

यात मला आजही काही गैर वाटत नाही. पण डेन्मार्कमध्येच दुसरा रस्ताही आहे. रांडर्स गावातला 'स्वार्टसोट' हा बँड २००५मध्ये सुरू झाला. ते डॅनिशमध्ये गातात, बासरी आणि मँडोलिन वाजवतात, आणि २०११चा त्यांचा अख्खा अल्बम चौदाव्या शतकातल्या प्लेगवर आहे. त्यांच्या पाठीशी मोठं भांडार आहे. स्वेन्ड ग्रुन्टविगने १८५३पासून डॅनिश लोकगीतांचे खंड छापायला घेतले. एव्हाल्ड टँग क्रिस्टेन्सेन नावाचा खेड्यातला शाळामास्तर यूटलंडभर पायपीट करून म्हाताऱ्या बायकांकडून गाणी उतरवून घ्यायचा. पुढे १९२०च्या दशकात पर्सी ग्रेंजरसारखा संगीतकार त्याच्याबरोबर फोनोग्राफ घेऊन फिरला. त्या गाण्यांना पत्ते आहेत. कुणी गायलं, कुठल्या गावात, कधी, सगळं नोंदलेलं. इलेक्ट्रिक गिटारवाल्यांना नंतर आयतं मिळालं.

आणि मुळात हेवी मेटल नावाच्या घराचा एक खांबही डॅनिशच आहे. मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उलरिक गेन्टोफ्टेचा. 'राइड द लाइटनिंग' आणि 'मास्टर ऑफ पपेट्स' हे दोन्ही अल्बम रेकॉर्ड झाले कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत. 'मर्सीफुल फेट'चा किंग डायमंड, म्हणजे किम बेंडिक्स पीटरसन, हाही तिथलाच. तोंडाला काळं-पांढरं रंगवून, एकदम टिपेचा आवाज लावून भुताच्या गोष्टी सांगणारा. त्याचा वारसा मुंबईपर्यंत आला. २००८मध्ये मुंबईत 'अल्बट्रॉस' नावाचा बँड सुरू झाला. २०१०चा त्यांचा 'डिनर इज यू' ऐकला तर किंग डायमंडची शिकवणी लगेच ओळखू येते. तोच भयकथेचा बाज, तशाच किंकाळ्या.

आता खोपोलीकडे येतो.

हेवी मेटलचा जन्म बर्मिंगहॅमचा मानतात, आणि त्यात कारखान्याचा मोठा हात आहे, तोही अगदी शब्दशः. टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात उजव्या हाताची दोन बोटं टोकाला तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटं हीच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, पुढे तारा सैल करून खालच्या पट्टीत वाजवायला लागला, आणि तो जड, काळवंडलेला आवाज जन्मला. 'ब्लॅक सॅबथ'चा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७०चा.

माझे वडील खोपोलीत पोलादाच्या कारखान्यात होते. त्यांचा एक कान भट्टीने नेला. रात्रपाळीवरून आले की टीव्ही मोठ्याने लावायचे, आणि मी माझा आवाज त्याहून मोठा. घरात कोण कुणाला ऐकतंय काही कळायचं नाही. म्हणून आयोमीची गोष्ट वाचली तेव्हा मला बर्मिंगहॅम लांबचं वाटलं नाही. खोपोलीत पोलाद होतं, नळ्या होत्या, कागद होता. आणि या सगळ्याच्या आधी वीज होती. लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी मोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली सोडून टाटांनी १९१५मध्ये खोपोलीत वीज केली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना धाडली. १९२२मध्ये पलीकडे कर्जत तालुक्यात भिवपुरीचं केंद्र आलं. म्हणजे आमच्या डोंगरावरून पडणाऱ्या पाण्यावर शंभर वर्षं मुंबई चालली. विजेशिवाय मेटल नाही, बाकी सगळ्या गोष्टींशिवाय आहे. पण वीज आमच्याकडची असली तरी मैफल मुंबईतच व्हायची.

ती मैफल म्हणजे रंगभवन. धोबीतलावला, सेंट झेवियर्सच्या शेजारचं उघडं नाट्यगृह. १९७८मध्ये तिथे 'जॅझ यात्रा' सुरू झाली. १९८६पासून फरहाद वाडिया यांनी ऑगस्टमध्ये 'इंडिपेंडन्स रॉक' भरवायला सुरुवात केली. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास, भर पावसात, काळे टी-शर्ट घालून पोरं दिवसदिवस उभी राहायची. 'रॉक मशीन', जो १९९३मध्ये 'इंडस क्रीड' झाला, त्या पिढीचा मोठा बँड. माझ्या वाट्याला ते रंगभवन आलं नाही. कर्जतच्या एका दुरुस्तीच्या दुकानात अँप्लिफायर दुरुस्त करणारे काका होते, त्यांच्याकडून ऐकलं. ते म्हणायचे, 'शेवटच्या कर्जतला निम्मा डबा ओला आणि बहिरा असायचा.'

रंगभवन बंद पडलं ते ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी. २००० साली केंद्राचे नियम आले. हॉस्पिटल, शाळा, कॉलेज, कोर्ट यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. रंगभवनच्या एका बाजूला कॉलेज, जवळच कामा हॉस्पिटल आणि कोर्ट. सुटकाच नव्हती. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. कामा हॉस्पिटलात बाळंत झालेल्या बाईला कुणाच्या गिटारशी काय देणंघेणं? पण त्या एका वाक्याच्या नियमाने महाराष्ट्रातल्या रॉकचं घर गेलं, हेही खरं. हाच नियम पुढे आमच्या हळदीत भेटतो.

रंगभवननंतरची पिढी ऑर्कुटवर जमली. साहिल मखिजाने २०००मध्ये मुंबईत 'डेमॉनिक रिझरेक्शन' सुरू केला. २०१०मध्ये नॉर्वेच्या 'इन्फर्नो' महोत्सवात ते वाजवून आले, आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या 'मेटल हॅमर' मासिकाचा पुरस्कार त्यांना मिळाला. मी ज्याची वाट पाहत होतो ते त्यांनी २०१७मध्ये केलं. 'दशावतार' नावाचा अल्बम, मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराला एक गाणं, आणि त्यात भारतीय वाद्यं. अल्बम चांगलाच आहे. तरी ऐकून मला थोडी हुरहूर लागली. दशावतार म्हटलं की कोकणातल्या माणसाला रात्रभर चालणारा खेळ आठवतो, त्यातला संकासुर आठवतो. अल्बमातले अवतार पुराणातून थेट आले होते, वाटेत कुठल्या देवळाच्या अंगणात थांबले नव्हते. २०१६मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या 'ब्लडीवुड'ने ढोल आणि तुंबी घेऊन जर्मनीचं 'वाकन' गाजवलं, २०१९मध्ये. त्यांचं बरं आहे. पंजाबी ढोल आधीच साऱ्या देशाच्या कानात आहे. आमच्या डोंगरातला ढोल कुणाच्या कानात आहे?

हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता, आणि त्याचं उत्तर मी फार वाईट दिलं.

२०११मध्ये आम्ही चौघांनी बँड काढला. सराव कर्जतजवळच्या बंद पडलेल्या भातगिरणीत. ड्रमर होता तो ठाकूरवाडीतला, आश्रमशाळेत शिकलेला. गौरीच्या नाचात लहानपणापासून ढोल वाजवलेला. त्याला ड्रमसेट शिकवावा लागला नाही, फक्त बसायला शिकवावं लागलं, कारण त्याला उभं राहून वाजवायची सवय. मी त्यांना 'डेन्मार्क'चा फोल्डर ऐकवला आणि म्हटलं, आपण हेच करायचं, पण आपलं. 'आपलं' म्हणजे काय, तर त्याच्या आजीचं गाणं. एका संध्याकाळी मोबाइल घेऊन वाडीत गेलो, ओटीवर बसून आजीने नाचाचं एक गाणं म्हटलं, ते रेकॉर्ड केलं. ती चाल गिटारवर बसवली, खाली डिस्टॉर्शन, मधे मी गुरगुरलो. आजीला परत जाऊन ऐकवलं. ती बराच वेळ ऐकत राहिली, मग म्हणाली, 'ह्यो माझा आवाज हाय ना? मंग मधीच कोन वरडतंय?' आम्ही हसलो. तीही हसली.

पुढच्या वर्षी मुंबईतल्या एका कॉलेजच्या स्पर्धेत ते गाणं वाजवलं. परीक्षकाने विचारलं, चाल कुठली? माइक माझ्या हातात होता. मी म्हणालो, 'आमची आहे. आमच्या भागातल्या संगीतावरून सुचली.' दुसरं वाक्य पहिल्याला झाकायला होतं. आम्हाला दुसरा नंबर मिळाला. परतीच्या गाडीत बदलापूरपर्यंत ड्रमर काही बोलला नाही. भिवपुरी रोडला उतरताना एवढंच म्हणाला, 'तू माझ्या आजीचं नाव घेऊ शकला असतास रे.' सरावाला तो पुन्हा आला नाही. महिन्याभरात बँड संपला.

मी वर टँग क्रिस्टेन्सेनचं कौतुक केलं ते यासाठीच. त्याने गाणाऱ्यांची नावं लिहिली. आपल्याकडे कुणी लिहिलं नाही असं नाही. अ. ना. वेलिंग यांनी १९३४मध्ये कातकऱ्यांवर पुस्तक लिहिलं, ल. ना. चापेकरांचं सह्याद्रीतल्या ठाकुरांवरचं पुस्तक १९६०चं. आमच्या घाटाच्या वर, मावळ-मुळशीत, हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८०च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. लाखाहून जास्त भरल्या, आणि प्रत्येक ओवीला बाईचं नाव, गावाचं नाव. ती ओवी आज फोनवर ऐकता येते. खोपोलीहून घाट चढून गेलं की जिथे ही नोंद झाली ती गावं लागतात, आणि मी मात्र 'आमच्या भागातलं संगीत' म्हणून मोकळा झालो होतो.

बँड मोडल्यावर माझ्याकडे गिटार आणि प्रोसेसरचं कर्ज उरलं. तेव्हा खालापूरच्या एका बेंजो पार्टीचा कीबोर्डवाला ऐन लग्नसराईत सोडून गेला, आणि मला विचारणा झाली. नाइटचे सातशे रुपये. मी नाक मुरडत गेलो.

बेंजोची कुळकथा मला तिथे कुणी सांगितली नाही, ती मी नंतर शोधली. १९१२मध्ये जपानच्या नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या माणसाने एक वाद्य बनवलं. लांबट पेटी, तिच्यावर धातूच्या तारा, आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्याने नखी मारायची. त्याच वर्षी जपानात तैशो राजवट सुरू झाली होती, म्हणून नाव 'तैशोगोतो'. स्वस्त, उचलायला हलकं, शिकायला सोपं. व्यापारी जहाजांतून ते बंदराबंदरांत उतरलं. भारतात त्याचं बुलबुलतरंग झालं, बलुचिस्तानात 'बेंजू' होऊन तिथल्या लोकसंगीतात मुरलं, आणि आपल्याकडे बेंजो. अमेरिकेतल्या कातडी मढवलेल्या बँजोशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही.

मुंबई-कोकणातल्या पोरांनी त्याला जे केलं ते नागोयात कुणाच्या स्वप्नात आलं नसेल. गिटारचा पिकअप तारांखाली बसवला, वायर अँप्लिफायरला लावली, आणि नाजूक किणकिण करणारं वाद्य ढोल-ताशाच्या छातीवर चढून किंचाळायला लागलं. लेस पॉल आणि लिओ फेंडर यांनी गिटारला जे केलं तेच हे, फक्त टेम्पोवर, जनरेटरच्या भरवशावर. २०१६मध्ये रवी जाधवने रितेश देशमुखला घेऊन 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा केला, पण त्यात आवाज जरा आंघोळ करून आल्यासारखा आहे. खरा बेंजो थोडा फाटलेलाच हवा.

पहिल्या हळदीला मी दोन तास चुकत होतो. मास्तर, म्हणजे बेंजोवाले, एका चालीतून दुसऱ्या चालीत जाताना कुठलीही खूण द्यायचे नाहीत. देवीचं गाणं, त्यातून कोळीगीत, त्यातून सिनेमातलं, ताल सहाचा, मग आठाचा, वेग दुप्पट, मग एकदम सगळं बंद आणि एकटा ताशा. पुन्हा पहिली चाल, पण वरच्या पट्टीत. मी घामाघूम होऊन विचार करत होतो की हे मी कुठेतरी ऐकलंय. पळसदरी ते कर्जतमध्ये ऐकलं होतं. युरोपात ज्याला प्रोग्रेसिव्ह म्हणतात, त्यासाठी पुस्तिका छापतात, ते इथे चाळीस मिनिटं न थांबता चाललं होतं. हळद लावून पिवळी झालेली बाई पुढ्यात नाचत होती, आणि तिला पुढचा ताल माझ्या आधी कळत होता.

मास्तरांना मी एकदा इअरफोनवर वुदरिंग हाइट्स ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं. म्हणाले, 'हात चांगलाय. पण ह्यांच्या पुढं नाचतं कोण?'

आगरी घरात अजून एक गोष्ट पाहिली. बेंजो सुरू होण्याआधी आत धवलारीण धवले म्हणते. म्हातारा, एकसुरी, अडखळणारा आवाज, लग्नाचा प्रत्येक विधी तिच्या शब्दावर चालतो. बाहेर आम्ही वायरी जोडत असायचो. तिचं संपेपर्यंत मास्तर ट्यूनिंगसुद्धा करू द्यायचे नाहीत. तिची चाल त्यांना पाठ होती, तरी कधी वाजवली नाही. मी विचारलं तर म्हणाले, 'ती तिची.' एवढंच.

आणि दहा वाजता पोलिसांची गाडी. मास्तर पावणेदहापासून घड्याळ बघायचे. आता दहापर्यंतची ती वेळही बेंजोकडे राहिलेली नाही. मोठ्या स्पीकरच्या भिंती लावणारा डीजे आला, त्याला बारा माणसांना जेवायला घालावं लागत नाही. आमची पार्टी २०१८मध्ये बंद झाली. मास्तरांनी बेंजो विकला नाही, कपाटावर ठेवलाय, वर जुना टॉवेल.

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकरांची वाडी. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि चौथ्या दिवशी शोध थांबला. आमचा ड्रमर त्या वाडीचा नाही, पण बातमी ऐकून मी अकरा वर्षांनी त्याला फोन केला. तो ठीक होता. नातेवाईक होते तिकडे, त्यांच्याबद्दल तो थोडं बोलला, मी ऐकत राहिलो. मग म्हणाला, 'आजी गेली, दोन वर्षं झाली. तुझ्याकडं ते तिचं आहे का अजून? गाणं नाही. ते आधीचं, मोबाइलवरचं.'

होतं. जुन्या हार्ड डिस्कवर, 'डेन्मार्क'च्याच शेजारच्या फोल्डरमध्ये. चार मिनिटं अकरा सेकंद. पेनड्राइव्ह घेऊन मी वाडीत गेलो. ओटी तीच होती, वर पत्रे नवे. त्याची मुलगी फोन घेऊन मधे बसली, मी तिच्या शेजारी. आजी आधी विचारते, चहा ठेवू का. मग खाकरते. मग म्हणायला लागते. दुसऱ्या कडव्याच्या मधे लांबून कुत्रा भुंकतो. तो आवाज आम्ही तेव्हा संगणकावर बसून मोठ्या मेहनतीने काढून टाकला होता आणि नेमका तिथेच माझा गुरगुराट टाकला होता.

'हा मोती,' तो मुलीला म्हणाला, आणि तेवढाच भाग परत लावायला सांगितला.